चुरीची वाईन

ट्रक भरून निघून गेला की मंडीत मागे उरते ती चुरी:
लिंबाएवढी संत्री, डागाळलेली, कोणी भाव न विचारलेली.
आम्ही दोन कॅरेट उचलली तेव्हा हमाल म्हणाला,
"कायले नेता जी सिस्टर, गाईले?"
हे नुसते हसले.
आमच्याकडे गाय नाही.

रात्री नऊपासून सोलत बसलो.
पांढरं राहू द्यायचं नाही, एक शीरही नाही.
पहिल्या वर्षी राहिलं होतं, आणि अशी कडू निघाली
की सतरा लिटर न्हाणीत ओतावी लागली.
मोरीतले बेडूक आठवडाभर झिंगून होते,
असं हे अजून पाहुण्यांना सांगतात.

हायड्रोमीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला.
निवृत्तीच्या दिवशी यांना शाल मिळाली, नारळ मिळालं,
आणि हा, रजिस्टरातून खोडलेला, फुटक्या डबीसकट.
नळी माझ्याकडची. तारीख उलटलेला सलाईनचा सेट,
एक टोक बरणीत, दुसरं पाण्याच्या बाटलीत.
सव्वीस वर्षं थेंब मोजले,
आता बुडबुडे मोजते.

हिवाळ्यात स्कुटी काढतो, वायनऱ्या पाहायला.
आमच्या भागात आहेत किती!
एक कॅनॉलपलीकडच्या टिनाच्या शेडमध्ये,
टाक्या चकचकीत, वीज यायची आहे.
चौकीदारानं तुरीच्या शेंगा उकडून खाऊ घातल्या,
"पुढच्या साली या, अंबादासभाऊ," म्हणाला.
तो दरवर्षी हेच म्हणतो.

दुसरीत काचेचं टेबल, टाय लावलेला पोरगा.
सर, आधी नाक, मग घोट.
यांनी ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले,
जाणकारासारखी मान डोलावली,
आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

यांना वास येत नाही.
त्या तापाच्या वर्षापासून.
दूध उतू जाऊन करपलं तरी, गॅस उघडा राहिला तरी.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.
आम्ही दोन उन्हाळे वाट पाहिली
आणि मग वाईन करायला घेतली.
कोणत्या हिशोबानं, ते विचारू नका.

पोरगा सांगत होता: सिट्रस, हनी, ओक.
मी यांच्या कानाशी लागले:
पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावतात तो वार्निश, आधी.
मग तुमच्या आत्याच्या पेटीतली डांबरगोळी.
मग काहीच नाही, बराच वेळ.
आणि शेवटी, फार शेवटी,
आंबिया फुललेला बगीचा,
जिथं आपण सायकल धुऱ्यावर आडवी केली होती, तो.
पोरगा बोलायचा थांबला.
"मॅडम, हे लिहून घेऊ का?"

परतताना फाट्यावर चहाला उतरलो.
"वार्निश खरंच होता?"
होता.
"डांबरगोळी?"
थोडीशी.
"अन् सायकल?"
ती मी घातली, वरून.
यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली,
उरलेला सगळा रस्ता गाणं गुणगुणले, बेसूर.

चौथी बरणी आता खाटेखाली आहे,
जुन्या गोधडीत गुंडाळलेली,
कारण थंडी पडली की खमीर आळसावतं.
मध्यरात्री अंधारातून आवाज येतो, "कशी आहे?"
वॉर्डाच्या दारातून नातेवाईक विचारतात, तसाच.
मी टॉर्च लावते. मिनिटाला अकरा.
काल चौदा होते.
दवाखान्यात आकडा असा उतरला की धावायचे,
इथं टॉर्च विझवते.
"अन् वास?"
मी वाकते, गोधडी बाजूला करते.
ओल्या पोत्याचा.
"कोणत्या पोत्याचा? तुरीच्या, की हरभऱ्याच्या?"
थांबा, म्हणते,
आणि पुन्हा वाकते.