उतरंड

रात्री पावणेबाराला
अक्कलकोट रोडवरच्या बंद टॉवेल कारखान्याचं
बिल करायला बसले आहे. म्हणजे माझं बिल.
कंपनी ज्या कागदावर मरते
त्याच कागदावर अवसायक म्हणून माझं नाव लागतं,
आणि अवसायकालाही पोट असतं,
ऑफिसचं भाडं असतं,
मुजम्मिलचा पगार असतो,
जो टायपिंग करतो आणि माझ्या चुका पोटात घालतो.

कायद्याची एक उतरंड आहे.
सगळ्यात वरचं मडकं मोडीच्या खर्चाचं:
माझी फी, चौकीदार, वीजबिल.
त्याखालच्या मडक्यात कामगार आणि बँक,
अंगाला अंग लावून.
तेही चोवीस महिन्यांच्या पगारापुरतं.
अंबादास येमूलांचे एकतीस थकलेत.
उरलेले सात तळाच्या मडक्यात.
घरच्या उतरंडीत तळाचं मडकं सगळ्यात मोठं असतं,
इथेही आहे.
अकरा वर्षांत त्यात थेंब पडलेला
मी पाहिला नाही.

मार्चमध्ये, लिलावाच्या आदल्या दिवशी,
भंगारवाला आला होता.
शेंगाचटणीच्या पुड्याखाली पाकीट.
दोन मिनिटांत परत केलं, चटणीसकट.
ती दोन मिनिटं बिलात नाहीत.

लाच परत करता येते.
हक्काचं काय करायचं
हे कुठल्याच कलमात सापडत नाही.

तास. नुसता शब्द बघा.
शंभर तास लावले, म्हणते मी.
शंभरदा तासलं, म्हणत असतील ते.

संध्याकाळी येमूल आले होते दाव्यावर सही करायला.
बिल टेबलावर उघडं होतं.
झाकता आलं असतं. झाकलं नाही.
प्रामाणिकपणा म्हणावा तर दिवसभराचा थकवाही होता.
जॉबर ताणा तपासतो तसं
ओळीओळीवर बोट ठेवत ते वाचत गेले.
"मुंबईला जाऊन आलात, त्याचे पण तास?"
"सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये झोपले ते नाही धरले."
"मग बरं."
थोडं थांबून:
"आमचा लूम बंद पडला की मजुरी बंद, म्याडम.
तुमचा लूम आमचा बंद पडला की चालू होतंय."

रागानं नाही बोलले.
मशीनचा बिघाड सांगावा तसं.
मग चहा घेतला, बशीतून,
आणि तेलुगूत सही केली.

नादार म्हणतात दिवाळखोराला.
त्या शब्दात नाद आहे
हे त्या शेडमध्ये उभी राहीपर्यंत
मला ऐकू आलं नव्हतं.
छप्पन लूम, आणि एक कबूतर.

मी सतरा तास कापले.
मग मुजम्मिलचा एप्रिल आठवला,
चार परत लावले.
तेरा तास.
बँकेचा वाटा जाऊन, चौऱ्याऐंशी जणांत,
माणशी दोनशेला जरा कमी.
तीन किलो ज्वारी.
पुण्य म्हणायला फारच थोडं.
माझ्या खिशातून जाताना मात्र
बरंच वाटलं, खोटं का बोला.

आता एकच गोष्ट राहिली.
मालाच्या मोजणीच्या दिवशी, गोदामात,
हात ग्रीसनं भरले होते,
आणि मी विचार न करता
गठ्ठ्यातला वरचा टॉवेल ओढला, हात पुसले.
पांढरा, निळ्या काठाचा,
धाग्यात अजून खळीचा वास.
किंमत पंचेचाळीस रुपये. मी भरायला तयार होते.
पण अवसायकाला स्वतःच्या ताब्यातला माल
विकत घेता येत नाही.
फुकट तर नाहीच नाही.
धुऊन आणला, तरी डाग गेला नाही.

साडेबारा वाजलेत. मुजम्मिल उद्या टाइप करेल:
टॉवेल, एकूण नग चारशे बारा.
त्यापैकी चारशे अकरा कोरे.
एक वापरलेला.
कोणी वापरला, हा रकाना
सरकारी नमुन्यात नाही.
मी हातानं आखते आहे,
पट्टी सापडत नाही, रेघ वाकडी येतेय.