चेहरा जुळत नाही

चौथ्यांदा धरला मोबाइल तिच्या तोंडासमोर.
मंदोदरी मालचे, भिलाटी, शेवटचं घर,
सातवा महिना.
काल रात्री ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरून उतरली.
भडगावच्या टॉवरची एक काडी,
तीही गिरणेवरून येते-जाते.

पडद्यावर गोल येतो, त्यात तोंड बसवायचं,
मग तो म्हणतो, डोळे मिचकवा.
म्हणजे समोर माणूस आहे, फोटो नाही,
एवढी त्याची खात्री पटते.
मंदोदरी मिचकवते.
जिवंत असल्याची खूण हिरवी होते
आणि खाली लाल अक्षरं: चेहरा जुळत नाही.

नोंदणीचा फोटो दिवाळीआधीचा, मीच काढलेला.
तेव्हा गालावर गाल होता.
आता उसाच्या पातीचे चरे,
नाकाचं हाड जरा पुढं आल्यासारखं.

निंबाखाली नेलं. उजेड बदलला.
फोटोत होती तशी टिकली लावली, माझ्याच कपाळावरची.
म्हटलं, त्या दिवशी हसत होतीस ना, तशी हास.
कशाला हसली होती, तिला आठवेना.
मलाही आठवेना,
मीच तर हसवलं होतं.

पाचव्यांदा हात थोडा हलला
आणि चौकोन सरकून बसला
तिच्या मागं, अंगणवाडीच्या भिंतीवर,
रंगवलेल्या बाईच्या तोंडावर.
कडेवर गुटगुटीत बाळ, खाली पोषणाच्या चार ओळी.
तिथं तो ठरला. थरथरलासुद्धा नाही.

मी कुठं उभी आहे, किती वाजता, त्याला माहीत.
रोज सकाळी माझंही तोंड मागतो,
पोरगा तापानं फणफणला होता त्या आठवड्यात
दोन-दोनदा मागायचा.
तालुक्याला मॅडमच्या पडद्यावर
आमचं गाव म्हणजे ठिपका एक.
आज तो लाल असणार.

मंदोदरी खालीच बसली, पोटावर हात.
"ताई, मी तं तीच शे."
माहीत आहे गं, मला माहीत आहे.
"मंग त्याले सांग ना."

सांगायला जागा नव्हती त्यात.
'पुन्हा प्रयत्न करा' होतं.

मांडणीच्या तळातून जुनी वही काढली,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
पाकिटं दिली. हिशोबात कमी पडतील, ते मी बघीन.
अंगठा घेतला:
कोयत्यानं रेषा नेलेल्या,
नुसता निळा डाग उमटला.

शाई जास्त झाली होती, वाळेना.
दोघी आळीपाळीनं फुंकर घालत बसलो.