खालच्या पानापासून

कृषी कार्यालयातली आल्दा कुतिन्हो म्हणाली,
मास्तर, वरून बघू नका.
तुरे सगळ्यांचे ताठच असतात.
खाली बसा.

बसलो.
मोर्ल्याच्या वायंगणात, गुडघे कुरकुरत.
मक्याचं सगळ्यात खालचं पान
तिनं बोटांवर तोललं,
दुसऱ्याच्या मुलाचा हात तपासावा तसं.

लांबट डाग. होडीसारखा.
दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी,
त्या राखाडीत काळसर भुकटी.
अंगठ्याला लागली ती
उलट्या रंगाची खडूची पूड.

टर्सिकम करपा.
नाव मी दोनदा म्हणवून घेतलं,
हजेरीत नवं मूल चढवताना घ्यायचो तसं.

तर, आला कुठून?
अंजुण्याच्या पाटाचं पाणी, पौषातलं धुकं,
दहा वाजेपर्यंत पानांच्या पन्हळीत थांबलेलं दंव.
आणि मी.
हातभर सोडायचं तिथं वीतभर सोडलेलं,
युरियाच्या एका गोणीच्या जागी दोन,
वाऱ्याला आत यायला वाट नाही.
गेल्या वर्षीची ताटं बांधावरच टाकलेली.
त्यांच्यातच राहिला होता म्हणे तो,
वाळक्या धसकटांत, सुट्टीभर,
शाळा उघडायची वाट बघत.

आमची मात्र उघडली नाही.
चार मुलं उरली होती, ती बसनं साखळीला गेली.
फळा मी पडवीत आणून ठेवलाय.
ते असो.

मग आल्दानं तक्ता काढला. एक ते नऊ.
एक म्हणजे निर्मळ, नऊ म्हणजे उभं जळलेलं.
मला हसू फुटलं.
तीस वर्षं नऊ देताना हात आखडायचा माझा.
दहा ओळी, ओळीत पाच ताटं :
तीन, तीन, चार, दोन, पाच,
बांधाकडच्या ओळीला सरसकट सहा.
सहा लिहिताना तिचं पेन अडलं नाही.
मी असतो तर त्या ओळीला
तोंडी परीक्षेला पुन्हा बोलावलं असतं.

मँकोझेब, ती म्हणाली, लिटरला अडीच ग्रॅम,
सकाळचं दंव उतरल्यावर, पानाच्या खालूनही.
मी वहीत लिहीत होतो, सुवाच्य.
बांधावरून आवाज आला :
"वखद मारिल्लें म्हजीं गोरवां खातलीं?"

सगुण माजिक.
माझाच विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला.
मका माझा, पण गाई त्याच्या, सहा.
कणसं कुणालाच नको होती.
हे शेत म्हणजे तिच्या तक्त्यातलं पीक नव्हतं,
उद्याचं दावणीतलं ताट होतं.

आल्दा गप्प.
डब्यावरची बारीक अक्षरं उन्हात धरली,
थांबायचे दिवस मोजले, पुन्हा मोजले.
तेवढ्यात करपा तुऱ्यापर्यंत चढला असता
आणि गोठा उपाशी.
"बरोबर," ती सगुणला म्हणाली. "नको फवारणी."
आणि तक्त्यावर आडवी रेघ मारली.
चौथीत मी त्याला हा शब्द
किती वेळा दिला असेन, आठवत बसलो.

कापणी आजच. तुरा आलाय, चालेल.
वरची हिरवी पानं गाईंना,
खालची डागाळलेली खड्ड्यात.
धसकटं नांगराखाली, वीतभर खोल,
एकसुद्धा बांधावर नको.
पुढच्या वायंगणात अळसांदे.
"मका नाही?"
"एक वर्ष त्याला घरी कुणी भेटता कामा नये," ती म्हणाली.
"मग लावा. बियाणं मी सांगेन ते,
आणि मास्तर, हातभर म्हणजे हातभर."

कोयता मीच धरला.
आडवं होताना मक्याचं पान कागदासारखं वाजतं,
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासारखं.
सगुणनं भारा डोक्यावर घेतला,
चार पावलं गेला, खाली ठेवला,
त्यातून एक पान ओढून काढलं,
उजेडाकडे धरून बघितलं
आणि खड्ड्याकडे चालत गेला.
माझ्या नजरेतून सुटलेलं.