शून्य पूर्णांक सात

लॉगबुकात विमानाचे अकरा हजार दोनशे चाळीस तास.
शेजारचा रकाना वीस वर्षं कोरा.
आज तिथे पहिला आकडा लिहिला:
शून्य पूर्णांक सात.
म्हणजे बेचाळीस मिनिटं,
त्यातली तीस तर मी नुसती डुलत होते
जुहूच्या गवतावर, पुरुषभर उंचीवर,
आणि एक बगळा मान वाकडी करून बघत होता.

कंपनी बुडाली तेव्हा
चार पट्ट्यांचा शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवला.
बाकी सगळी उड्डाणं रद्द झाली,
कर्जाचे हप्ते तेवढे वेळेवर उतरत राहिले.
दहिसरहून आई म्हणाली,
‘म्हणजे आता पंख्याखाली बसून पगार घेणार?’
मी हो म्हटलं. चूक काय त्यात?

विमानात कॅप्टन डावीकडे बसतो,
इथे उजवीकडे.
माझा डावा हात जन्मभर दिशा धरायचा,
उजवा जोर द्यायचा.
आता दोन जावांनी चुली बदलाव्यात
तसे दोघे एकमेकांचा मिठाचा डबा शोधतायत.
पाय तर टेकऑफनंतर निवृत्तच असायचे,
त्यांना पुन्हा कामावर बोलावलंय.

कॅप्टन तुस्कानो वसईचे, बासष्टीला आलेले.
‘दांडा धरू नको गो,’ म्हणतात,
‘नुसतं मनात आण.’
डावीकडे जायचं मनात आणलं, डावीकडे गेलं.
मनात हप्ता आला,
थेट हँगरच्या दिशेने निघालं.

‘इंजिन गेलं तर?’
‘डावा हात खाली. लगेच. विचार नंतर.
पडायला लागलीस की वाराच पाती फिरवतो.’
मला कळलं होतं. हाताला नव्हतं.
त्यांनी इंजिन मंद केलं
आणि माझा हात वर गेला,
वीस वर्षांची सगळी उंची वाचवायला.
त्यांनी तळव्याने तो हळूच दाबला.
‘तू आलीस,’ म्हणाले. ‘हात अजून सांताक्रूझलाच आहे.’

मग तलावात खुर्चीला बांधून उलटं बुडवलं.
नाकात पाणी, सगळीकडे बुडबुडे,
खिडकी कुठे ते बोटांनी आठवायचं.
तिसऱ्या खेपेला आठवलं.

पहिल्यांदा समुद्रावर गेले ती सहकारी म्हणून,
वयाने धाकट्या कॅप्टनच्या शेजारी, डावीकडे.
जागा जुनी, हुद्दा नवा.
पस्तीस हजार फुटांवरून मुंबई म्हणजे
एक तपकिरी डाग आणि उतरण्याची यादी.
आता वर्सोव्याच्या वलांडीवरचे बोंबील दिसले,
एका गच्चीवर दात घासत उभा माणूस,
त्याने ब्रशच हलवला.

रिगवर गॅसची ज्योत, हिरवा चौथरा, त्यावर जाळं.
पाती फिरतीच, आठ जण वाकून उतरले.
शेवटचा स्वयंपाकी, बिभूती,
दूधपावडरच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप घेऊन,
पानांवर हात धरून, वाऱ्याला पाठ करून.
इतकी वर्षं मी एकशे ऐंशी जणांना नेलं.
कुणाच्या मांडीवर काय होतं,
मला कधी दिसलं नाही.

परतताना किनाऱ्याबाहेर कंट्रोल म्हणाला, थांबा.
हा शब्द मी हजारदा ऐकलाय.
थांबा म्हणजे घिरट्या घाला,
इंधन मोजा, मागच्यांना गोड आवाजात खोटं सांगा.
धाकटा कॅप्टन म्हणाला, ‘घ्या, तुम्ही थांबवा.’
खाली लाटा पांगल्या, गोल चकती झाली पाण्याची.

समोरून एक मोठं विमान उतरत गेलं,
चाकं काढलेलं, दिवे लावलेलं,
थांबणं ज्याला जमत नाही असं.
डावीकडे कुणी बसलं असेल,
मनात यादी वाचत.

मी दांडा धरला नाही.
नुसतं मनात आणलं,
इथे.