पान अठ्ठावीस

कासुंगूच्या आमच्या शाळेत
खिडक्यांना काचा नाहीत,
त्यामुळे वारा हजेरीच्या आधी येऊन बसतो.
आरोग्याच्या पुस्तकात पान अठ्ठावीस:
दोन फुप्फुसं, एक गुलाबी, एक काळं,
खाली ठळक अक्षरांत, ‘नाही म्हणायला शिका.’

मी वाचून दाखवलं, खणखणीत.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत
आवाज तेवढा कमावलाय.

मासोझी उभी राहिली. तेरा वर्षांची.
नखांत काळा चीक, साबणाला न जुमानणारा.
“सर, नाही कुणाला म्हणायचं?
आमच्या छपराचे पत्रे तंबाखूचे,
माझी फी तंबाखूची, ही पेन्सिलसुद्धा.
पहाटे दवात भिजलेली पानं तोडते,
काखेत गठ्ठा धरते,
आणि ऊन वर येईतो बांधावर बसून ओकते.
मी तर एकदाही ओढली नाही.
मग मला ती कशी चढते?”

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.
माझ्याकडे होतं, कारण तो बांध माझ्याही ओळखीचा.
फळ्यावर मी एक पंजा काढला.
म्हणालो, कातडीलाही तोंडं असतात,
बारीक, मोजता न येणारी,
आणि ओलं पान ती सगळी एकदम भरवतं.
धूर लागत नाही, दव पुरतं.
पान वाळल्यावर तोडा, लांब बाह्या घाला.
आणि तुमच्या वयाच्या हातांनी
तोडूच नये खरं तर,
हे म्हणताना कमावलेला आवाज खाली आला.
फी मी माफ करू शकत नाही.

मग मागच्या बाकावरून लुसुंगू,
जो एरवी तोंड उघडत नाही:
“सर, तुमच्या कोटाला
आमच्या कोठाराचा वास येतो.”

वर्ग हसला नाही.
हसला असता तर सुटलो असतो.
आतल्या खिशात चपटं पाकीट होतं,
त्यात सात.

सांगितलं मग.
तुमच्याएवढा होतो. पहिली फुकट मिळाली.
फुकट फक्त पहिलीच असते.
खोकून डोळ्यांत पाणी आलं,
तेव्हा पोरं म्हणाली, आता मर्द झालास.
तो मर्द आता चर्चमध्ये
वरचा सूर आला की नुसते ओठ हलवतो.
पंपावरून बादली आणताना
दोनदा थांबतो वाटेत,
लोकांना वाटावं, आंब्याचा मोहोर बघतोय.

लुसुंगू पुढे आला, खडू उचलला,
फळ्याच्या कोपऱ्यात एक उभी रेघ.
“आज एक, सर.”
दुसऱ्या दिवशी दुसरी कुणी ओढली.
ओढणं हा शब्द इतका स्वच्छ
मी पूर्वी पाहिला नव्हता.

अकराव्या संध्याकाळी पगार आला नाही,
बायकोशी वाजलं,
आणि टपरीवर सुटी एक मिळते.
रात्री कोट धुतला. पेरूची पानं चघळली.
कळलं नसतं कुणाला.
सकाळी वर्गात शिरलो, डस्टर घेतलं,
अकराही रेघा पुसल्या,
आणि मुलांकडे पाठ करून उभा राहिलो.
बराच वेळ बाकसुद्धा करकरलं नाही.
मग अनवाणी पावलं आली,
मासोझीनं माझ्या कोपराखालून हात घालून
एक रेघ ओढली.
म्हणाली काहीच नाही.

आता तोडणीचे दिवस. निम्मी बाकं रिकामी.
ती येते मंगळवारी, कधी गुरुवारी,
चेहरा पांढुरका, बाह्या मात्र मनगटापर्यंत,
भावाचा जुना शर्ट.
आल्या आल्या आधी कोपऱ्याकडे बघते,
राहिलेल्या रेघा माझ्याकडून तोंडी वदवून घेते,
मग आजची स्वतः काढते. तेविसावी.
खडू परत देते तेव्हा त्यावर
तिच्या अंगठ्याचा काळा ठसा असतो.
त्याच खडूनं मी तारीख लिहितो.