सदतीस अंश

प्रश्न चौथा, गुण तीन.
नदीची रुंदी शंभर मीटर, प्रवाह ताशी तीन किलोमीटर,
होडी स्थिर पाण्यात ताशी पाच.
बरोबर समोरच्या बिंदूवर लागायचं, तर तोंड कुठे?

बावीस वर्षं हा प्रश्न घालतोय मी.
झोपेत विचारलं तरी सांगेन:
पाचाचे दोन घटक पाडा.
तीन प्रवाहाच्या विरुद्ध, ते प्रवाहातच फिटतात.
उरतात चार, सरळ पलीकडे.
कोन सदतीस अंश, वेळ दीड मिनिट.
एकक लिहायला विसरू नका.

रोहिदास मोरेने सदिशांची आकृती काढली नव्हती.
काढलं होतं चिंचेचं झाड,
वरच्या अंगाला पंपहाउस, आणि खाली एवढंच:
"आजी पंपहाउसकडे तोंड करून निघते
अन् चिंचेखाली लागते. म्हणून सदतीस."
मी दोन गुण कापले.
मग पेनाला टोपण लावून बसून राहिलो,
कॉलेज रोडवरच्या क्लासच्या खोलीत,
पोरं गेल्यावर, पंखा बंद करून.

रविवारी आनंदवल्लीच्या काठावर गेलो.
धरणातून आवर्तन सुटलेलं,
गोदावरी गढूळ नव्हती, पण घाईत होती.
पुंजाबाई थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून,
वल्हं म्हणून दोन हातांत दोन जर्मनच्या ताटल्या.
"बसा मास्तर. वजन मधी ठेवा."
बूट काठावर सोडले, घड्याळ लावलं, बसलो.

तराफ्याचं नाक पंपहाउसवर
आणि आम्ही तिकडे जातच नव्हतो!
खेकड्यासारखे तिरपे सरकत होतो,
मोठी होत होती ती चिंच.
मी म्हटलं, हे कळतं कसं तुम्हाला?
"पाणी त्याचं काम करतं, मी माझं.
त्याचं आधीच धरून चालायचं, एवढंच."

मधोमध त्यांनी ताटल्या मांडीवर ठेवल्या
आणि तंबाखू मळायला घेतली.
पाणवेलीचा एक झुबका माझ्या गुडघ्याशी आला
तो तिथून हलेचना.
नदी उभी राहिली.
आणि काठ निघाला:
चिंच, पंपहाउस, मागे वळून पाहिलं तर माझी स्कूटर, माझे बूट,
सगळं वर, गंगापूरकडे,
कुणी सतरंजी ओढून न्यावी तसं.

'कशाच्या सापेक्ष?'
हे दोन शब्द विसरले म्हणून
मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलंय.

तंबाखू दाढेखाली गेली.
पुंजाबाईंनी नाक आता पंपहाउसच्याही वर धरलं,
विजेच्या खांबावर.
काही बोलल्या नाहीत.
चिंचेखाली लागलो तेव्हा घड्याळात
चार मिनिटं अकरा सेकंद.
ही तंबाखू प्रश्नात कुठे घालायची,
अजून ठरलेलं नाही.

सोमवारी रोहिदासला एक गुण परत दिला.
दुसरा ठेवून घेतला. आकृती हवीच, बाण हवेत.
त्याने पेपर घडी करून खिशात घातला, म्हणाला,
"सर, येताना आजीनं तोंड कशाकडं केलं होतं?"

मी पाहिलंच नव्हतं.
येताना सगळा वेळ मी पाण्याकडे बघत होतो.