डावं पुढचं चाक

काउंटीच्या आवारात लिलाव होता.
बर्फ सरकवायचे दोन नांगर, शाळेची एक बस,
खुर्च्यांचा ढीग, आणि ही:
पाऊण टनी सबर्बन, आठ नटांच्या चाकांची.
दारावरची अक्षरं सोलून काढलेली,
पण त्यांच्याखाली रंग विटलाच नव्हता,
त्यामुळे 'शेरीफ' अजून वाचता येत होतं.

एकवार. दोनवार.
सुट्या भागांसाठी फार्गोहून आलेला माणूस
टोपी मागे सारून गप्प झाला.
एक्केचाळीसशे डॉलर. तीनवार.
गेलन म्हणाला, "आर्डिस, हत्ती घेतलास.
आता ऊस कुठून आणणार?"
म्हटलं, आपल्याकडे बीट पिकतं.
तेवढ्यावर भागवेल.

पहिला आठवडा मी फक्त तिच्याखाली झोपले.
सिमेंटवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी, एकसष्ट वर्षांची,
नाकापासून वीतभर वर तिचं पोट.
ब्रेकच्या नळ्यांना बोट लावलं
तर नळ्याच बोटावर आल्या, पापुद्रे होऊन.
रस्त्यावरचं मीठ तिला इतके हिवाळे खात होतं,
बिनघाईनं,
ताट कुणी उचलणार नाही हे ठाऊक असल्यासारखं.
सगळ्या नळ्या नव्या वाकवल्या, निकेल-तांब्याच्या.

ट्रान्सफर केसमध्ये तेल टिकत नव्हतं.
जमिनीवर मात्र एक थेंब नाही.
तीन दिवस कंदील घेऊन शोधलं.
चौथ्या दिवशी मागची काच पुसायला गेले
आणि फडकं तेलकट झालं.
धावताना गळायची. थांबली की कोरडी ठाक.
असा एक माणूस माझ्या ओळखीचा होता.
त्याच्याबद्दल पुन्हा कधी.

वही कप्प्यात सापडली, टायरच्या पावत्यांखाली.
निळी शाई, ताठ अक्षर, शेवटी ए. बी.
'तेल बदललं.'
'वायपर.'
'साखळ्या परत आणल्या, एक कमी.'
'मागची सीट धुतली. दोनदा.'
त्यापुढे काही नाही, फक्त जानेवारीची तारीख.
आणि अगदी शेवटी:
'डाव्या पुढच्या चाकातून गुणगुण. उजवीकडे वळताना.
वर कळवलं. पैसे नाहीत म्हणाले.'
मग कोरी पानं.

गाव एवढंसं. ए. बी. कोण,
हे कॉफीच्या टेबलावर एका वाक्यात कळलं असतं.
विचारलं नाही.
गाडी काढली, धान्याच्या कोठीपाशी उजवीकडे वळवली,
रेडिओ बंद, काच खाली, तोंडावर वारा सुरीसारखा.
होती.
त्यानं लिहिली तशीच, त्याच जागी,
कुणीतरी ओठ मिटून गात असल्यासारखी.

बेअरिंग काढायला दोन दिवस लागले.
आग, हातोडा, आणि वडिलांच्या नॉर्वेजियन शिव्या,
ज्यांचे अर्थ मला कधीच सांगितले गेले नाहीत
पण गंजलेल्या बोल्टला बरोबर समजतात.
मग हात पुसून त्याच्या ओळीखाली
काळ्या शाईत लिहिलं:
'बदललं. ए. टी.'
बराच वेळ पेन उघडंच राहिलं.

आता इंजिनाला रात्रभर उबेची वायर असते,
बॅटऱ्या दोन, पुढचे दिवे नवे,
आणि उजव्या दाराखाली एक पायरी,
साखर कारखान्याच्या भंगारातून कापून जोडलेली,
कारण लेरॉयचा गुडघा तेवढाच वर येतो.
मंगळवार, गुरुवार, शनिवार. डायलिसिस.
सत्तर मैल जाताना तो बोलतो, येताना झोपतो.
गेलन हिशेब मांडतो:
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मांडू दे. त्यालाही डिसेंबरात
खड्ड्यातून ओढून हिनंच काढलं.

काल उणे एकतीसला मागून एक आवाज आला.
ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक.
लेरॉय झोपेत म्हणाला, "तो मी नव्हे."
घरी आल्यावर वही उघडली:
'मागून काहीतरी. थंडीतच.
बघते.'